आडाची जागा

“सर, रहाट कुठे ठेवू?” मैथिलीने शिडीवरून विचारलं.

मी खाली हातात खडू घेऊन उभा होतो. दालनाच्या भिंती आणि छत काळ्या रंगाने रंगवलेलं, आणि छतातून छोटे छोटे स्पीकर वटवाघळांसारखे लोंबत होते. त्यांच्याखाली फरशीवर मी आमचं गाव काढलं होतं. हे भैरोबाचं देऊळ, ही लोहारशाळा, ही नदीकडे उतरणारी गल्ली. लग्नाच्या कार्यालयाएवढ्या जागेत अख्खं नांदरवळ बसवायचं म्हणजे गल्ल्या फारच आखडल्या होत्या. पण जे गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, त्याला जागेची तक्रार करता येत नाही.

“रहाट ना,” मी म्हणालो. “त्याचं जरा थांबू या.”

“काल पण थांबलो होतो, सर.”

“हो. काल पण थांबलो होतो.”

ती शिडीवरून उतरली आणि माझ्याकडे बघत बसली. तिशीची मुलगी, पुण्याची. आवाजाचं शिक्षण घेऊन आलेली. असं शिक्षण असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती मला ‘सर’ म्हणे, पण मी शिक्षक नव्हतो. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि नोकरीतली सगळी वर्षं लोकांना हळू बोला असं सांगण्यात गेली होती. ते सांगायलासुद्धा मला लाज वाटे, म्हणून मी पाटी लावली होती.

ही गोष्ट घडून आता बरीच वर्षं झाली. एका ट्रस्टने आमच्या तालुक्याच्या गावी बुडालेल्या गावांचं स्मृतिदालन बांधायला घेतलं होतं. त्यातल्या एका दालनात बघायला काहीच नसणार होतं, फक्त ऐकायचं. अंधुक उजेडात माणसाने चालत जायचं; देवळाशी आलं की घंटा, लोहाराशी आलं की घण, उताराकडे वळलं की नदी. मान वळवली तर आवाज मागे राहिला पाहिजे, पुढे गेलं तर कानाशी आला पाहिजे. मैथिलीचं काम ते. गावात काय कुठे होतं ते सांगणं, हे माझं.

मला निवडलं ते एका पुस्तिकेमुळे. निवृत्तीनंतर मी ‘आमचं नांदरवळ’ या नावाची एक पुस्तिका स्वतःच छापली होती. तिच्या प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत. तिच्यात हाताने काढलेला नकाशा होता, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला. ट्रस्टचे व्यवस्थापक ढवळीकर साहेब म्हणाले, “नरहरीपंत, इतका बारीक नकाशा सरकारकडेसुद्धा नाही.” मी फार संकोचलो. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. नकाशात सपकाळांचा आड नेमका दोन पानांच्या मधल्या पिनेखाली गेला होता. छापखानेवाल्याने विचारलं होतं, नकाशा थोडा उजवीकडे सरकवू का? मी नको म्हणालो होतो.

“सर, खरं सांगा,” मैथिली म्हणाली. “तुम्हाला आठवत नाही का?”

“आठवतं.”

“मग?”

“आड कुठे होता ते आठवतं. कुणाच्या अंगणात होता ते कुणालाच ठरवता आलं नाही.”

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. ज्ञानू सपकाळ आणि राऊ सपकाळ हे चुलतभाऊ. घरं शेजारी शेजारी, मध्ये अंगण, अंगणात आजोबांनी खणलेला आड. वाटणीत घरं वाटली गेली, अंगण वाटलं गेलं, आणि वाटणीची रेघ आडापाशी येऊन अडली. रेघ आडाच्या अलीकडून जाते असं एकाचं म्हणणं, पलीकडून जाते असं दुसऱ्याचं. बायकांनी पाणी शेंदायचं कुणी आधी यावरून सुरुवात झाली आणि कोर्टात दावा गेला. तारखा पडत राहिल्या. मग धरण आलं. कोर्टाने सांगितलं, वादातली मालमत्ता आता अस्तित्वातच नाही, सबब दावा निकाली. नव्या गावठाणात दोघांनी मागून मागून दोन टोकांची घरं घेतली. तेव्हापासून चाळीसेक वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. निकाल आपल्याच बाजूने लागणार होता, याबद्दल मात्र दोघांच्याही मनात शंका नव्हती.

मैथिली हसली नाही. ती म्हणाली, “तुम्ही रोज या दोन अंगणांत घुटमळायचात, म्हणून मी दोन खड्डे करून ठेवलेत. आडाचा आवाज खालून यायला हवा. एक स्पीकर यांच्या अंगणात जमिनीत, एक त्यांच्या. वर जाळी. तुम्ही सांगाल तो चालू करते.”

मी दोन्ही जाळ्यांकडे बघितलं. माझा निर्णय होत नाही म्हणून बिचारीने फरशी दोनदा फोडून घेतली होती.

“मी त्यांना विचारून येतो,” मी म्हणालो.

विचारायला जाणं ही चूकच होती. पण न विचारता काही ठरवण्याची मला सवय नव्हती.

ज्ञानूतात्या नव्या नांदरवळात पडवीत बसले होते. नजर जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझं पाऊल वाजलं तशी त्यांनी मान वर केली.

“कोण, मास्तरांचा नरू का?”

“हो, तात्या.”

“चप्पल घासत चालतोस अजून. बापाची सवय. बस. सूनबाई, पाणी आण.”

पाणी आलं. तात्यांकडे कुणीही येवो, वसुलीचा माणूस येवो की रस्ता चुकलेला, आधी तांब्या पुढे यायचा. ते पिऊन होईपर्यंत ते कामाचं विचारत नसत.

“त्या आवाजाच्या खोलीचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“होत आलंय. महिन्याभरात उद्घाटन.”

“मला न्हेशील?”

“तुम्हाला नाही न्यायचं तर कुणाला?”

 तात्या म्हणाले, “बाकीच्यांचं ठीक हाय. त्यास्नी फोटू दाखवलं तरी भागतंय. मला आता कानानंच घर बघायचं हाय. एकदा अंगणात उभा ऱ्हायलो की झालं. पुढं काय व्हायचं ते होऊ दे.”

“उभे राहाल की.”

“रहाट वाजंल नव्हं?”

“वाजेल.”

“कुणाच्या अंगणात?”

मी पाण्याचा तांब्या पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

“नरू, एक सांगतो,” तात्या म्हणाले. “रहाट जर त्या राऊच्या अंगणात वाजला, तर मी काय यायचा न्हाई. जित्तेपणी आमचं घर पाण्यात गेलं ते सोसलं. आता मेल्यागत झाल्यावर आड बी त्याला देऊन येऊ?”

राऊ आण्णांच्या घरी मी चहा घेतला. आण्णांची नजर शाबूत होती आणि तिची त्यांना घमेंड होती. ते म्हणाले, “ज्ञान्याकडं आधी गेलतास. बघितलं मी. काय म्हणतोय?”

“काही नाही. येतो म्हणाले.”

“येऊ दे की. देवळाची घंटा ऐकंल, नदी ऐकंल. आड ऐकायचा असला तर माझ्या अंगणात यावं लागंल, आणि तो काय येत न्हाई.” ते खूश होऊन हसले. मग एकदम थांबून म्हणाले, “माझ्याच अंगणात हाय नव्हं रं तो?”

“अजून बसवायचाय.”

“मग नीट बसीव. न्हाईतर आमची आळी त्या दिवशी तुमच्या दारात पाऊल ठेवणार न्हाई. आणि त्यो रहाट कुठला आणलाय?”

“वाईकडच्या एका मळ्यातला. मैथिलीबाईंनी जाऊन आवाज भरून आणला.”

“लई करकरायला नको. आपला करकरत नव्हता. मी तेल घालायचो.”

तेल मीच घालायचो असं तात्यांनीही तासाभरापूर्वी सांगितलं होतं. पण ते मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मैथिलीला मी म्हणालो, “दोन्ही स्पीकर एकदम लावले तर काय होईल?”

माझा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मला वाटलं होतं. पण ती उठून उभी राहिली. “सर, दोन्हीतून एकच आवाज सारख्या जोराने सोडला, तर तो दोन्हींच्या बरोब्बर मधून आल्यासारखा वाटतो. तिथे खरं काहीच नसतं. आपण आड रेघेवर ठेवू शकतो!”

तिने तसं केलं. मी खडूच्या रेघेवर उभा राहिलो. रहाट वाजला. माझ्या पायांत, जमिनीच्या आतून, दोर ओढल्यासारखा, आणि मग घागर पाण्याला टेकल्याचा आवाज. मी खाली बघितलं तर नुसती फरशी.

“आता तात्यांच्या अंगणात या, सर.”

मी तिकडे सरकलो. आणि आडही माझ्याबरोबर सरकला. तो आता सरळ तात्यांच्या अंगणातल्या जाळीतून वाजत होता. मी आण्णांच्या बाजूला गेलो. आड आण्णांचा झाला.

“हा!” मैथिली चरफडली. “मला वाटलंच होतं. मधोमध उभं राहिलं तरच जमतं. जरा हललं की कान जवळच्या स्पीकरचं ऐकतो, दूरचा त्याला जाणवतच नाही. दोष आहे हा. मी मध्ये तिसरा स्पीकर बसवते, मग आवाज जागचा हलणार नाही.”

“राहू द्या,” मी म्हणालो.

“काय?”

“हे असंच राहू द्या.”

“सर, हे चूक आहे. पुण्याहून माझे लोक येणार आहेत ऐकायला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हसेल.”

“चूक आहे, हे मला कळतंय,” मी म्हणालो. “पण दोघंही मधोमध उभे राहणार नाहीत. आपापल्या अंगणात राहतील.”

तिने दोन्ही जाळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमच्या जबाबदारीवर,” ती म्हणाली.

तोवरच्या आयुष्यात माझ्या जबाबदारीवर काहीही झालेलं नव्हतं. मी मान हलवली.

मग तिने वही मिटताना सहज विचारलं, “आणि तुमचं घर कुठे, सर? नकाशात दिसत नाही.”

“आमचं घर नव्हतं. वडील शाळेत मास्तर, बदलीवर आलेले. देवळामागे भाड्याची खोली होती.”

“ती दाखवा ना. तिथे काय ऐकू यायचं?”

मी आठवून बघितलं. “विशेष काही नाही. वडील वाचत बसत.”

“म्हणजे मी तिथे काय लावू?”

“काही नको,” मी म्हणालो. त्या कोपऱ्यात ढवळीकर साहेबांनी आग विझवायचं लाल नळकांडं अडकवलं होतं. ते तिथे शोभतही होतं.

उद्घाटनाच्या आधी मी दोघांनाही एकेकटं आणून ऐकवलं. तात्यांचा हात धरून मी त्यांना दारातून आत आणलं. “घंटा लई जवळ वाजतीय,” ते आधी कुरकुरले. लोहारापाशी म्हणाले, “ह्यो आपला गणपा न्हवं. ह्याचा हात हलका हाय.” खरं होतं. घण कोल्हापूरचा होता. नदीपाशी मात्र थांबून त्यांनी मोठा श्वास घेतला. “ही आपली. ही खोटी न्हाई.” नदी मैथिलीने कुठल्याशा परदेशी संग्रहातून विकत घेतली होती. आमच्या नदीचं आता धरण झालं होतं आणि धरणाला आवाज नसतो.

मग मी त्यांना अंगणात उभं केलं. रहाट वाजू लागला. तात्या ऐकत राहिले. त्यांनी वाकून हात पुढे केला, आडाच्या काठावर टेकावा तसा. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

“हितंच,” ते म्हणाले. “हितंच होता.”

परत जाताना त्यांनी माझा दंड दाबला. “बापावानी न्यायी निघालास.”

दोन दिवसांनी राऊ आण्णा आले. ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. “बघ! म्हटलं नव्हतं?” दारातून बाहेर पडताना तेही म्हणाले, “मास्तरांचं रगात हाय तुझ्यात. खऱ्याला खरं म्हणायला धमक लागती.”

त्या आठवड्यात नव्या नांदरवळात दोन्ही आळ्यांनी पेढे वाटले. मला दोन्हीकडून आले. मी खाल्ले नाहीत, टाकवेनातही. डब्यात ठेवून दिले आणि त्यांना मुंग्या लागल्या.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. प्रमुख पाहुणे म्हणून धरणाचे निवृत्त अभियंते आले होते. नदीचा आवाज ऐकून आपलं मन भरून आलं, असं ते भाषणात म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ढवळीकर साहेबांनी माईक घेतला. “आत जाताना कृपया पिशव्या, खाद्यपदार्थ आणि मुख्य म्हणजे पाणी नेऊ नये. स्पीकर जमिनीत आहेत. थेंबभर पाणीसुद्धा चालणार नाही.” दारावर पाटीही होती: पाणी नेण्यास सक्त मनाई. चौकीदार बाटल्या काढून घेऊन टेबलावर मांडत होता. बुडालेल्या गावात पाणी न्यायला बंदी, हे कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही.

मी दाराशीच थांबलो. गर्दीत मला गुदमरतं. मैथिली शेजारी उभी होती, तिच्या पुण्याच्या माणसांना आत सोडून नखं चावत.

लोक आधी घुटमळले. मग कुणाला घंटा सापडली, कुणाला लोहार, आणि त्यावरून जो तो आपली गल्ली शोधू लागला. “आगं हितं आपला उंबरा!” “सरक, तू माझ्या गोठ्यात उभी हायस.” हौसाक्का म्हणून एक म्हातारी होती. तिने देवळापासून पावलं टाकत स्वतःचं दार शोधलं आणि तिथे फरशीवर फतकल मारली. ती उठायला तयार होईना.

राऊ आण्णा आपल्या अंगणात उभे होते. तात्या स्वतःच्या. मध्ये चार पावलांचं अंतर आणि चाळीस वर्षं. रहाट वाजत होता आणि दोघांच्याही चेहऱ्यावर तेच समाधान होतं. मला वाटलं, जमलं. माझ्या हातून एक तरी गोष्ट जमली.

पण जिंकलेल्या माणसाला स्वस्थ उभं राहवत नाही. आण्णांनी चार पावलं टाकली आणि ते तात्यांसमोर जाऊन उभे राहिले.

“काय ज्ञानबा,” ते म्हणाले. चाळीस वर्षांतले पहिले शब्द. “ऐकतोयस नव्हं? कुणाच्या अंगणात वाजतोय?”

“ऐकतोय की,” तात्या शांतपणे म्हणाले. “माझ्या.”

आण्णा तोंड उघडणार होते. पण त्यांनी ऐकलं. रहाट त्यांच्या पायाशी वाजत होता. आणि ते उभे होते ते तात्यांच्या अंगणात. ते झटकन मागे गेले, स्वतःच्या अंगणात. आड त्यांच्यामागे आला. पुन्हा तात्यांकडे आले. आड इकडे आला. आसपासचे लोक बोलायचे थांबून बघू लागले. आण्णांनी तिसरी फेरी मारली, वाकून एका जाळीला कान लावला, मग दुसऱ्या.

“नऱ्याऽऽ!” ते ओरडले.

मी मैथिलीच्या मागे सरकलो. ती माझ्यापेक्षा बुटकी होती, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

“काय रं हे? कुणाला दिलास आड?”

मला उत्तर द्यायचं होतं. मी तोंडही उघडलं असावं. पण तेवढ्यात तात्यांनी डोकं तिरकं केलं. त्यांना आण्णांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांना फक्त पावलं ऐकू येत होती; येताहेत, जाताहेत, येताहेत.

“कोण येरझाऱ्या घालतंय माझ्या अंगणात?” त्यांनी विचारलं.

आण्णांची पावलं थांबली.

“राऊ, तू हायस?”

“व्हय,” आण्णा म्हणाले. “मी हाय.”

“अंगणात आलायस?”

आण्णांनी खाली फरशीकडे बघितलं. तिथे रेघ नव्हती, खडू केव्हाच पुसला होता. पण रहाट त्यांच्या पायाशी वाजत होता आणि दुसरं काही म्हणायला त्यांना जागा नव्हती.

“आलोय,” ते म्हणाले.

तात्यांनी उपरण्याखाली हात घातला आणि पाण्याची बाटली काढली. त्यांना मधुमेह होता. पाण्यावाचून ते कुठे जात नसत, आणि आंधळ्या म्हाताऱ्याची झडती घ्यायचं चौकीदाराच्या जिवावर आलं असावं. त्यांनी हाताने चाचपून बूच काढलं आणि बाटली समोर धरली.

“मग उभा का? घे. पाणी पी.”

आण्णांचा हात पुढे आला. तेवढ्यात चौकीदाराने बाटली बघितली. “आजोबा! पाणी नाही चालत!” असं ओरडत तो धावला, आणि तीन हात एकाच बाटलीवर पडले.

पाणी सरळ जाळीत गेलं.

फट् असा आवाज झाला. जळक्या रबरासारखा वास आला. रहाट थांबला. त्यामागोमाग लोहार थांबला, घंटा थांबली, जातं थांबलं, आणि शेवटी नदी. भिंतीवरचे संकटकाळचे दोन फिक्के दिवे तेवढे लागले.

दुसऱ्यांदा आमचं गाव पाण्यामुळे बंद पडलं होतं.

“सगळे बाहेर चला!” ढवळीकर साहेब ओरडले. “मैथिलीबाई, काय गेलं? सगळंच गेलं का? सगळे कृपया बाहेर!”

कुणीही हललं नाही. मला आधी वाटलं, ऐकू आलं नसेल. मग ध्यानात आलं, जो तो आपापल्या दारात उभा होता. स्वतःच्या दारातून माणूस असा कुणी सांगितलं म्हणून जात नाही.

“ए राऊ!” लांबून, डाव्या हाताकडून, हौसाक्काची हाक आली. ती अजून तिच्या उंबऱ्यावर बसलेली होती. “काय झालं रं तिकडं?”

“काय न्हाई आक्का,” उत्तर तात्यांनी दिलं. “पाणी सांडलं.”

“तुमच्या आडावर न्हेमीच सांडायचं!”

कुणीतरी हसलं, देवळाच्या अंगाने. मग लोहाराच्या बाजूने आवाज आला, “आरं, गणपाचा भाता ह्याच्यापेक्षा मोठ्यानं फुटला होता.” नदीच्या उताराकडून एका बाईने विचारलं, “हौसाक्का, तुझी म्हैस सापडली का गं?” आणि हौसाक्का म्हणाली, “पन्नास वर्सं झाली, आता सापडून काय करू?” सगळं दालन हसलं. पण ते हसू एकदम आलं नाही. आधी वरच्या आळीत उठलं, मग खालच्या, आणि उताराकडे जरा उशिरा.

मैथिलीने डोळे मिटले होते. तिने माझी बाही धरली. “सर,” ती कुजबुजली, “मी चार महिने हेच करायचा प्रयत्न करत होते.” तिचा हात पिशवीकडे गेला. पिशवीत आवाज भरून घ्यायचं यंत्र असे, ते ती कधीच विसरत नसे. हात पिशवीवर तसाच राहिला. तिने चेन उघडली नाही.

पुढच्या आठवड्यात ढवळीकर साहेबांच्या सांगण्यावरून तिने मध्ये तिसरा स्पीकर बसवला. आता तो आड रेघेवर पक्का आहे, कुठूनही ऐका. शाळांच्या सहली येतात, मुलं शांतपणे रांगेत फिरतात. कुणाचं भांडण होत नाही.

पण त्या दिवशी अजून कुणी बाहेर पडायला तयार नव्हतं. आण्णा तात्यांच्या अंगणातच होते. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, ते पीत होते, आणि चौकीदार बाजूला उभा राहून बघत होता. पिऊन झाल्यावर त्यांनी मिशी पुसली.

“ज्ञान्या, तेल मी घालायचो,” ते म्हणाले.

“तू वरनं घालायचास. आसाला मी घालायचो,” तात्या म्हणाले. “ती मास्तरांची खोली कुठं होती रं? देवळामागं नव्हं? नरू कुठाय?”

“हुता की दाराशी.”

“नरूऽऽ!” तात्यांनी हाक मारली. “कुठं हायस?”

सगळ्यांच्या माना फिरल्या. मी दाराशी होतो, तिथूनच उत्तर देता आलं असतं. त्यात काही गैर नव्हतं. पण मी तिथून निघालो. भिंतीला धरून, लोकांच्या उंबऱ्यांवर पाय पडू नये म्हणून जपत, देवळाला वळसा घालून त्या कोपऱ्यात गेलो. लाल नळकांड्याला माझा खांदा लागला आणि ते भिंतीवर वाजलं.

“इथे आहे, तात्या,” मी म्हणालो. आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा आला.

तात्यांनी तोंड वळवलं, आणि ते नेमकं माझ्याकडे वळलं.

“हां,” ते म्हणाले. “तितंच.”